पट्टा मधोमध चालला पाहिजे

सुरीचे पाते भट्टीत तयार होते, पण त्याचा सगळा कस घासताना लागतो. दोन्ही बाजूंचा उतार सारखा हवा, मधली जाडी राखायला हवी आणि टोकाकडे जाताना पोलाद तापून मऊ पडता कामा नये. कानशीने हे साधते, पण एका पात्याला दिवस जातो. लोहाराच्या दुकानातला गोल दगडाचा ग्राइंडर वेगवान खरा. मात्र त्याचा गोलवा पात्यात उतरतो आणि पातळ धार बघता बघता निळी पडते. या अडचणीवर सुरी घडवणाऱ्या अनेकांनी एक उपाय स्वीकारला आहे. तो म्हणजे २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब खरकागदी पट्टा फिरवणारे बेल्ट ग्राइंडर. पट्टा लांब असल्याने त्याच्या प्रत्येक दाण्याला पुन्हा पोलादाला भिडण्याआधी थंड व्हायला वेळ मिळतो, आणि झीज सगळ्या लांबीवर वाटली जाते.

तयार यंत्र महाग पडते, म्हणून हौशी आणि व्यावसायिक कारागीर ते घरीच बांधतात. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याकडे, तर ते बांधण्याला एक जुना आधारही आहे.

या यंत्रात सहसा चार चाके असतात. मोटरवरचे चाक पट्टा ओढते. वरचे चाक स्प्रिंगच्या जोरावर तो ताणून धरते. समोरच्या दोन लहान चाकांमध्ये एक सपाट पोलादी पट्टी उभी असते, तिला प्लेटन म्हणतात. पाते तिच्यासमोर पट्ट्यावर टेकवायचे. एवढा साधा सांगाडा. पण पहिल्यांदा बटण दाबले की पट्टा चाकावरून उडून पडतो, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

उपाय वरच्या चाकात आहे. हे चाक लेथवर कातताना मधोमध किंचित फुगीर ठेवतात. ५० मिमी रुंदीच्या चाकाला जेमतेम १ मिमीचा उभार पुरतो. फिरता पट्टा उतारावरून खाली घसरेल असे वाटते, पण घडते उलटे. उंच भागाकडची कड जास्त ताणली जाते, पट्टा थोडा वळतो आणि मागून येणारा भाग उंचवट्याकडेच चढत जातो. शेवटी तो मधोमध स्थिरावतो. मग चाकाचा आस एका बोल्टने अगदी थोडा तिरका करून पट्टा हवा तिथे आणता येतो.

वऱ्हाडातल्या जुन्या कारखान्यांना हे ज्ञान नवे नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्या काळच्या कारखान्यांत एकाच इंजिनावर लांब दांडा फिरे आणि दांड्यावरून सपाट पट्टे एकेका यंत्राला फिरवत. ते पट्टे पुलीवर टिकत ते याच फुगीरपणामुळे. गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांतही हाच नियम चालत आला. म्हणून लेथवाल्याला परदेशी नकाशा दाखवण्याची गरज नाही. गिरणीच्या पुलीसारखा उभार द्या, एवढे सांगितले की पुरते.

वेगाचे गणित चाकाच्या व्यासावर बसते. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर १०० मिमीचे चाक लावले तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावतो. २०० मिमीचे लावले तर पंधरा मीटर. जाड पोलाद काढायला मोठा वेग बरा, धारेजवळ आणि लाकडी मुठीला लहान. थ्री-फेज मोटर आणि तिचा वेग नियंत्रित करणारा व्हीएफडी घेतला तर एका बटणावर वेग बदलतो. मोटर मात्र पूर्ण बंद आवरणाचीच हवी, कारण उडणारा लोखंडी भुसा वायंडिंगमध्ये शिरला की ती जळते. लहान चाके मिनिटाला हजारो फेरे घेतात, तेव्हा तिथेही दोन्ही बाजूंनी सील असलेले बेअरिंगच बसवावे.

पात्याचे पोलादही जवळच मिळते. ट्रकच्या कमानीचे पाटे बहुधा सिलिकॉनयुक्त स्प्रिंग पोलादाचे असतात. त्यात अर्धा टक्का किंवा थोडे अधिक कार्बन असते, त्यामुळे त्यांना पाणी चढते. लोहार याच पाट्यांतून विळे-कोयते घडवत आले आहेत. ग्राइंडर त्यांच्या भट्टीची जागा घेत नाही. बहुतेक घासकाम पाणी देण्याआधीच उरकावे; नंतर मात्र हातमोजे न घालता, उघड्या बोटांना चटका जाणवताच पाते बादलीत बुडवावे. पाते सुमारे ३०० अंशांवर निळे पडले की धारेचा कडकपणा गेला. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क आणि पट्ट्यामागच्या बाणाप्रमाणे फिरण्याची दिशा, यांत तडजोड नको. ठिणग्यांच्या वाटेवर लाकडाचा भुसा साचू देऊ नये.

हे यंत्र आयटीआयच्या वर्गात बांधले जावे असे मला मनापासून वाटते. चाके कातायला टर्नर, सांगाडा जोडायला वेल्डर, छिद्रे आणि आटे पाडायला फिटर, मोटर जोडायला इलेक्ट्रिशियन असे चारही ट्रेड एकाच यंत्रावर काम करतील. शिवाय सुटा जॉब मार्कांनंतर भंगारात जातो, तसे याचे होणार नाही. ते गावातल्या लोहाराकडे दिले तर पेरणीआधीच्या गर्दीत वखराची पास, विळा, कुऱ्हाड यांना दिवसभर राबेल. बिघडले तर त्याच मुलांना दुरुस्त करता येईल, कारण त्यातला प्रत्येक भाग त्यांनी स्वतः बनवलेला किंवा जोडलेला असेल.