तपासणाऱ्याचा शब्द : सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उतरण्यापूर्वी

पदवीचे निकाल लागले की कोंढवा, कॅम्प, भवानी पेठेतून आमच्याकडे एकाच धाटणीची चौकशी येते. मुलाने किंवा मुलीने बीसीएस, बीबीए-सीए नाहीतर इंजिनिअरिंग केलेलं असतं. ‘प्रोग्रामिंग फारसं जमत नाही, पण टेस्टिंगचा क्लास केला तर नोकरी पक्की म्हणतात. लावू का?’ असा प्रश्न असतो. काही घरांत त्या फीसाठी भिशी उचललेली असते, कुठे अम्मीच्या बांगड्यांकडे नजर गेलेली असते. म्हणून या वेळी या कामाची नीट माहिती देतो. काम चांगलं आहे, इज्जतीचं आहे, पण ‘सोपं’ म्हणून जे विकलं जातं ते हे काम नव्हे.

काम नेमकं काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज आहे आणि वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. प्रोग्रामर तो अर्ज तयार करतो. टेस्टरचं काम इथून सुरू होतं. तो ७,९९,९९९ टाकून बघतो, बरोबर ८,००,००० टाकतो, मग ८,००,००१. कारण चुका बहुतेक वेळा काठावर बसलेल्या असतात. मग तो रकाना रिकामा ठेवतो, आकड्याऐवजी अक्षरं टाकतो, उणे रक्कम टाकतो. अर्ज भरताना मध्येच नेट गेलं तर? ‘सबमिट’ दोनदा दाबलं तर दोन अर्ज जातात का? जुन्या, स्वस्त मोबाइलवर फोटो चढतो का?

चूक सापडली की ती नोंदवायची. ‘अर्ज चालत नाही’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या मोबाइलवर, कोणत्या पायऱ्यांनी गेलो, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, हे असं लिहायचं की दुसऱ्या माणसाला तीच चूक पुन्हा घडवून बघता यावी. दुरुस्ती झाल्यावर ती चूक गेली का आणि तिच्या नादात आधी चालणारं दुसरं काही बिघडलं का, हेही तपासायचं. या दुसऱ्या तपासणीला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. आणि अशा चुका मुळात होऊच नयेत म्हणून कामाची पद्धत सुधारत राहायची, ती क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. क्यूए हे नाव त्यावरूनच आलं.

चूक निसटली तर

ब्रिटनमधलं उदाहरण या कामाचं मोल सांगायला पुरेसं आहे. तिथल्या टपाल कार्यालयांत १९९९पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली आली. तिच्यात दोष होते. गल्ल्यात पैसे बरोबर असूनही ती तूट दाखवायची. टपाल खात्याने प्रणालीवर विश्वास ठेवला, माणसांवर नाही. २०१५पर्यंत टपाल कार्यालयं चालवणाऱ्या ९००हून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यांत भारतीय वंशाचे लोकही होते. काही तुरुंगात गेले, काहींची घरं विकली गेली, काहींनी जीव दिला. प्रणालीतल्या दोषांमुळे अशी तूट दिसू शकत होती, हे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये मान्य केलं आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा झाला २०२४मध्ये.

आज आपलं रेशन, बँक, हजचा अर्ज, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं सॉफ्टवेअरवर चालतं. ‘हे नीट तपासलंय’ असं टेस्टर जेव्हा म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दावर न ओळखणारी हजारो माणसं विसंबून असतात. आपल्या घरांत यासाठी एक शब्द आहे : अमानत.

पुण्यात हे काम कुठे आहे?

पुणे या क्षेत्रात नवखं नाही. टाटांचं संशोधन केंद्र टीआरडीडीसी इथे १९८१मध्ये सुरू झालं, सी-डॅक १९८८मध्ये. ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१मध्ये पुण्यातच घडला. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या पुण्याच्याच कंपन्या, दोन्ही १९९०च्या. आज हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कल्याणीनगर या भागांत लहानमोठ्या कंपन्या आहेत. बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी यांच्यासारख्या परदेशी बँकांची तंत्रज्ञान केंद्रंही पुण्यात आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगामुळे गाडीतल्या सॉफ्टवेअरची तपासणी हीसुद्धा इथली खास शाखा आहे. शेजारच्या मुंबईत २०११मध्ये सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी तर केवळ टेस्टिंगसाठी साधनं पुरवून जगभर पोहोचली.

कोंढवा किंवा कॅम्पात राहणाऱ्यांनी अंतराचाही विचार करावा. हिंजवडीपेक्षा मगरपट्टा, खराडी, कल्याणीनगर जवळ पडतं. रोजचे दोन-तीन तास वाचले तर ते शिकण्यात घालवता येतात.

काय शिकावं, कोणत्या क्रमाने?

पहिलं, हाताने तपासणी : चाचणीचे मुद्दे काढणं, लिहून ठेवणं, दोष नोंदवणं. जिरासारखं नोंदवहीचं साधन इथेच हाताळायला येतं. दुसरं, एसक्यूएल. पडद्यावर दिसतं तेच डेटाबेसमध्ये जमा झालं का, हे पाहण्यासाठी ते लागतं. तिसरं, एपीआय तपासणी, त्यासाठी पोस्टमन हे साधन वापरतात. चौथं, ऑटोमेशन : जावा किंवा पायथन, त्यासोबत सेलेनियम किंवा प्लेराइट. म्हणजे ‘प्रोग्रामिंग जमत नाही म्हणून टेस्टिंग’ हा हिशेब फार दिवस चालत नाही. सुरुवात त्याशिवाय होऊ शकते, बढती मात्र अवघड जाते.

आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा या क्षेत्रात ओळखली जाते. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ गुण. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात. अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. घरी अभ्यास करूनही ती देता येते. पण प्रमाणपत्राने मुलाखतीचं दार फार तर किलकिलं होतं. आत गेल्यावर ‘हा चहाचा कप कसा तपासशील?’ अशा साध्या प्रश्नातून डोकं कसं चालतं ते पाहिलं जातं.

पुढे वाटा फुटतात. कोणी ऑटोमेशनमध्ये जातं, कोणी एकाच वेळी लाखो लोक आले तर प्रणाली टिकते का हे बघणाऱ्या परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये, कोणी सुरक्षेच्या तपासणीत, कोणी टीम लीड होतं. बँकिंग किंवा विम्याचा व्यवहार ज्याला कळतो, त्याची किंमत वाढते. म्हणून कॉमर्सच्या मुलांनाही ही वाट बंद नाही. तरी कॅम्पस भरतीत संगणकाच्या पदवीधरांना पहिली पसंती असते, हे ध्यानात ठेवावं.

आपल्याजवळ जे आहे ते

आपल्या मुलामुलींकडे एक भांडवल असतं, त्याची त्यांना कल्पना नसते. एकच आडनाव आधारवर ‘शेख’च्या एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या, हा त्रास आपल्यापैकी कोणाच्या घरात झाला नाही? कोणाच्या आईचं नाव नुसतंच ‘हसीना’ असतं, आडनावच नसतं आणि अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकत नाही. हे ज्याने घरात पाहिलंय, तो टेस्टर अर्ज हातात आल्याबरोबर हा प्रश्न विचारतो. इतरांना तो सुचतही नाही.

दुसरं म्हणजे लिपी. मकतबमध्ये अरबी आणि घरी उर्दू शिकलेल्या मुलाला उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर वाचता येतो. आखाती देशांसाठी बनणाऱ्या अ‍ॅपमध्ये अक्षरं तुटली, बाण उलटे लागले किंवा मजकुरातल्या आकड्यांचा क्रम उलटला तर त्याच्या नजरेला ते लगेच खटकतं. मराठीतला ‘ळ’ किंवा जोडाक्षर बिघडलं तरी तेच. हे कौशल्य बायोडेटात स्पष्ट लिहावं.

खोट्या अनुभवाचा सापळा

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, ती गोष्ट. काही ठिकाणी फीसोबत ‘दोन वर्षांचा अनुभव’ही विकला जातो. नाव असलेली पण काम नसलेली कंपनी, तिचं पत्र, पगाराच्या पावत्या. ‘सगळेच करतात’ असं सांगितलं जातं.

हे टिकत नाही. कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्याची नोंद मागतात, जुन्या कंपनीकडे चौकशी करतात, बँकेत पगार जमा झाला का ते बघतात. नोकरी लागल्यावर वर्षाने उघड झालं तरी काढून टाकतात आणि तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की या पेशात माणूस विकतो ते त्याचा शब्द. जो स्वतःबद्दल खोटी नोंद घेऊन आत आला, त्याच्या ‘तपासलंय, बरोबर आहे’ला काय अर्थ उरला? अशा पगाराला आपण हलाल रोजी म्हणू का, हेही घरात बसून विचारावं.

अनुभव नसेल तर खरा अनुभव मिळवण्याची वाट आहे आणि ती फुकट आहे. फायरफॉक्स बनवणारी मोझिला, लिब्रेऑफिस यांच्यासारख्या खुल्या प्रकल्पांत कोणीही दोष नोंदवू शकतो. लिब्रेऑफिसमध्ये उर्दू किंवा मराठी मजकूर कुठे बिघडतो ते शोधा, नीट इंग्रजीत नोंदवा. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि ती जगाला दिसते. अशा दहा चांगल्या नोंदी मुलाखतीत दाखवता येतात. एक सावधगिरी : परवानगीशिवाय कोणाच्या संकेतस्थळाची सुरक्षा फोडून बघू नये. हेतू चांगला असला तरी माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००नुसार तो गुन्हा ठरू शकतो.

एआय आल्यावर काय?

ठरलेली बटणं दाबून बघण्याचं काम कमी होत चाललंय, हे खरं आहे. चाचण्या लिहून देणारी साधनं आली आहेत. पण यंत्राने लिहिलेला प्रोग्रामही कोणीतरी तपासायला हवाच, आणि काय तपासायचं हे माणसांच्या व्यवहारातून कळतं. म्हणून नुसतं साधन शिकून थांबू नये. प्रश्न विचारण्याची सवय, चांगलं इंग्रजी लिहिणं आणि दरवर्षी एक नवी गोष्ट शिकण्याची तयारी ठेवावी.

आईवडिलांसाठी चार शब्द

फी भरण्याआधी क्लासच्या मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांना स्वतः भेटा. ‘नोकरीची हमी’ लेखी मागा, बहुतेक वेळा ती मिळणार नाही. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारी कंपनी खरी नसते. मुलीला या क्षेत्रात पाठवताना कामाच्या वेळा आणि येण्याजाण्याची सोय आधीच विचारा. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर खंड पडला तरी शिकत राहिली तर परत येता येतं, हे तिच्या सासरच्यांनाही सांगा. आणि पहिली नोकरी लागायला सहा महिन्यांऐवजी वर्ष लागलं तर त्याला किंवा तिला टोमणे मारू नका. त्या घाईपोटीच खोटी कागदपत्रं घरात येतात. वर्षभर खरं काम शिकलेल्या मुलाला दार उघडायला वेळ लागतो, पण इन्शाअल्लाह त्या दारातून त्याला मान खाली घालून बाहेर पडावं लागत नाही.