जिममधली शिस्त कोणी राखायची?

जिममधल्या बहुतेक कटकटींचे मूळ एका साध्या हिशेबात आहे. साधने मोजकी असतात आणि माणसे एकाच वेळी येतात. ताथवड्यात हा हिशेब लवकर बिघडतो. मुंबई-बंगळुरू महामार्गालगत, वाकड आणि पुनावळे यांच्या मधे वसलेले हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्यानंतर तिथे उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांमुळे वसतिगृहे आणि पीजी वाढले. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारे, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीने जाणारे आणि महाविद्यालयांतली मुले असे तिन्ही प्रकारचे लोक एकाच जिममध्ये येतात. संध्याकाळी हिंजवडीची वाहतूक आणि पुनावळे-ताथवड्याच्या भुयारी मार्गांवरची कोंडी पार करून माणूस जिममध्ये पोहोचतो तेव्हा तो आधीच वैतागलेला असतो. त्यात बेंच अडलेला दिसला की पुढचे भांडण क्षुल्लक कारणावरून होते.

सगळ्यात जुनी आणि नेहमीची तक्रार साधन अडवून बसण्याची. बेंच प्रेसचे चार सेट धरले, प्रत्येक सेट पाऊण मिनिटाचा आणि मधली विश्रांती दोन मिनिटांची, तर सगळा व्यायाम नऊ मिनिटांत उरकतो. जड वजन उचलणाऱ्याला तीन मिनिटे विश्रांती लागली तरी तो बारा मिनिटांत मोकळा होतो. म्हणजे विश्रांती घेणारा चुकत नाही. ती व्यायामाचाच भाग आहे आणि घाई केली तर पुढच्या सेटला ताकद उरत नाही. चूक सुरू होते ती फोन हातात आल्यावर. एक संदेश, एक रील, मग दुसरे रील असे करता करता दोन मिनिटांची सहा मिनिटे होतात आणि तोच बेंच एकवीस मिनिटे अडतो. सोमवारी हे फार जाणवते, कारण आठवड्याची सुरुवात छातीच्या व्यायामाने करण्याचा प्रघात जवळपास सगळ्याच जिममध्ये आहे.

यावरचा उपाय जिममध्ये येणाऱ्यांनीच शोधलेला आहे. ‘दादा, किती सेट राहिलेत?’ असे विचारायचे आणि उत्तर तीन-चार आले तर ‘मध्ये मारू का?’ म्हणायचे. एक विश्रांती घेत असताना दुसऱ्याने सेट मारायचा. दोघांचे वजन वेगळे असेल तर प्लेट बदलायला हात लावायचा. यात कोणाचाही वेळ वाया जात नाही, कारण विश्रांती तशीही घ्यायचीच असते. नकार देण्याचा हक्क अर्थातच आहे, पण गर्दीच्या वेळी दिलेला नकार दुसऱ्याची अख्खी संध्याकाळ खातो. याचाच आणखी एक प्रकार म्हणजे एका मशीनवर नॅपकिन, दुसऱ्यावर पाण्याची बाटली ठेवून तिसरीकडे व्यायाम करणे. दोन व्यायाम लागोपाठ करण्याची पद्धत चांगली आहे, पण ती दुपारच्या रिकाम्या जिममध्ये. संध्याकाळी साडेसातला एका माणसाने एकच साधन वापरावे.

साधन अडवणाऱ्याइतकाच त्रास देतो तो वजने तशीच टाकून जाणारा. लेग प्रेसचे उदाहरण घ्यावे. एखादा तगडा मुलगा दोन्ही बाजूंना वीस किलोच्या चार-चार प्लेट चढवतो, सेट मारतो, शेकर उचलतो आणि निघून जातो. मागे मशीनवर १६० किलो राहतात. त्यानंतर येते ती कंबरदुखीमुळे डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेली पन्नाशीची बाई. तिला स्वतःला रिकामी मशीन किंवा फार तर पाच-पाच किलो लावायचे असतात. त्यासाठी तिला आधी आठ प्लेट खेचून काढाव्या लागतात, म्हणजे ज्या कमरेसाठी ती आली तिच्यावरच पहिला भार पडतो. बहुतेक वेळा ती काढतच नाही. कोणाला सांगायचे कळत नाही म्हणून ट्रेडमिलवर चालून घरी जाते. तरुणांच्या लक्षातही येत नाही, पण अशा लहान लहान गोष्टींनीच वयस्क माणसे आणि नवखे लोक वजनाच्या भागात पाय टाकेनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना त्याची गरज विशीतल्या मुलापेक्षा जास्त असते.

प्लेट काढायचीही रीत आहे. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड वीस किलोचा आणि सव्वादोन मीटरच्या आसपास लांब असतो. तो रॅकच्या दोन खांबांवर टेकलेला असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी काढल्या तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने तो उलटतो आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून दोन्हीकडून आळीपाळीने प्लेट उतरवायच्या. जमिनीवर सोडलेले डंबेल हीसुद्धा अपघाताची जागा आहे. उलट्या पावलाने मागे येणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळतो. शिवाय साडेबारा किलोच्या जोडीतला एक रॅकवर आणि दुसरा आरशाखाली असला की पुढचा माणूस पाच मिनिटे शोधतच बसतो.

वजने आपटण्याचा त्रास जिमच्या भिंतीबाहेरही जातो. ताथवडे-वाकड पट्ट्यातल्या अनेक जिम व्यापारी संकुलांच्या वरच्या मजल्यांवर किंवा थेट सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आहेत. डेडलिफ्टचा रॉड कमरेच्या उंचीवरून सोडला की धक्का स्लॅबमधून खाली उतरतो आणि खालच्या दुकानात, वरच्या घरात ऐकू जातो. जाड रबराची चटई असली तरी तो पूर्ण थांबत नाही. ऑलिम्पिक पद्धतीच्या वजन उचलण्यात रॉड वरून सोडावा लागतो, पण त्यासाठी वेगळा फलाट आणि रबरी प्लेट असतात. लोखंडी प्लेट लावून फरशीवर रॉड सोडण्याला मात्र काहीच समर्थन नाही. संगीताचेही तसेच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. पहाटे पाचची बॅच सुरू करणाऱ्या जिमला पहिला तासभर रात्रीचाच नियम लागू होतो, हे चालकांनाही अनेकदा ठाऊक नसते. सेटच्या शेवटी घशातून निघणारा हुंकार वेगळा. जड वजनाखाली श्वास रोखून सोडताना तो आपोआप निघतो. त्यासाठी कोणाकडे डोळे वटारण्याचे कारण नाही. प्रत्येक रेपला मुद्दाम आरोळी ठोकणाऱ्याला मात्र समज द्यावी.

घामाचा प्रश्न केवळ किळसेचा नाही. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा, म्हणजे गजकर्ण, फार चिवट झाला आहे. त्यामागच्या बुरशीच्या एका नव्या जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. टर्बिनाफाइन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोळले की खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत जाते आणि उपचार महिनोन् महिने लांबतात. ही बुरशी अंगाला अंग लागून आणि दुसऱ्याचा टॉवेल किंवा कपडे वापरून सहज पसरते, ओल्या-दमट जागी टिकते. म्हणून स्वतःचा नॅपकिन आणावा, बेंचवर तो अंथरूनच झोपावे आणि उठल्यावर बेंच पुसावा. जंतुनाशक फवारून त्याच क्षणी पुसले तर त्याचा उपयोग होत नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा लागतो. अंगावर नायटा उठलेला असेल तर बरा होईपर्यंत जिमला जाणे बंद ठेवावे. करोनाकाळात मार्च २०२० पासून बंद असलेल्या राज्यातल्या जिम २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, उघडल्या तेव्हा साधने निर्जंतुक करत राहण्याची अट होती आणि लोक ती मुकाट्याने पाळत. भीती ओसरली तशी बऱ्याच ठिकाणी बाटलीही दिसेनाशी झाली. नायटा मात्र गेलेला नाही.

रस्त्यावरचे बूट घालून आत येणे, एसी चालू असताना सुगंधी फवारे मारणे, आरशासमोर दुसऱ्याच्या आणि आरशाच्या मधे उभे राहणे, या गोष्टी एकदा सांगितल्या की सुधारतात.

कॅमेऱ्याचे तसे नाही. आरशाशी ट्रायपॉड लावून रील काढणाऱ्याच्या चौकटीत मागचे सगळे येतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. घामाने भिजलेल्या अवस्थेत आपले चित्र अनोळखी माणसाच्या खात्यावर जावे असे कोणालाच वाटत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा त्रास टक लावून पाहण्यापासून सुरू होतो आणि वेळा लक्षात ठेवून मागे मागे येण्यापर्यंत जातो. इथे शिष्टाचार संपून कायदा सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कपडे बदलत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे कलम ७७ खाली आणि नको असताना पाठलाग करणे कलम ७८ खाली गुन्हा आहे. स्त्रीने तक्रार केल्यावर ‘तुम्हीच वेळ बदला’ असे सांगणारा चालक आपले काम टाळतो. वेळ बदलायची तर त्रास देणाऱ्याने.

न मागता दिलेला सल्लाही त्रासाचाच. ‘भाऊ, तुझा फॉर्म चुकतोय’ हे वाक्य कधी कधी खरे असते आणि पाठ वाचवते. पण सांगणाऱ्याला स्वतःला किती कळते याचा पत्ता नसतो. दुखापत समोर दिसत असेल तरच बोलावे, तेही सेट संपल्यावर. सेट चालू असताना रॉडला हात लावू नये, ज्याने सपोर्ट मागितला आहे त्याचा अपवाद. सल्ल्याचे खरे घातक रूप लॉकरशेजारी कुजबुजत मिळते. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन जिममध्ये जोर यावा म्हणून टोचले जाते, आणि त्याच्या बेकायदा विक्रीवर पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. त्याने हृदयाची गती आणि रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतात. असा सल्ला देणारा कितीही पिळदार दिसला तरी त्याचे नाव चालकाच्या कानावर घातलेच पाहिजे.

या सगळ्याची तुलना तालमीशी केली की एक उणीव ठळक दिसते. पुण्यात शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम पेशवाईपासूनची आहे, कोल्हापुरात मोतीबाग आणि गंगावेश तालमींचा लौकिक आहे, आणि ताथवड्याच्या जवळ भोसरीने कुस्ती अजून जपली आहे. तालमीत पायताण बाहेर राहते. आत आल्यावर मारुतीला नमस्कार होतो. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. ती माती नव्या पोरांनी उकरायची असते. कोणाची जोड कोणाशी, कोण कधी उतरणार, कोणाला आज फक्त जोर-बैठका, हे वस्ताद ठरवतो. साधन अडवायचा प्रश्नच येत नाही, कारण पाळी लावणारा समोर उभा असतो. मुलगा चुकला तर त्याच्या बापाला ओळखणारी माणसे गल्लीत असतात.

तालमीत सगळेच चांगले होते असे म्हणता येणार नाही. स्त्रियांना तिचे दार दीर्घकाळ बंद होते. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत सुरू झाली, त्याआधी कित्येक दशके महाराष्ट्र केसरी पुरुषांचीच होती. जिमने मात्र स्त्री, वयस्क माणूस, परगावचा नोकरदार अशा सगळ्यांना एकाच दारातून आत घेतले, ही तिची मोठी कमाई आहे. ताथवड्यातल्या जिममध्ये मराठवाड्यातला, विदर्भातला, उत्तर प्रदेशातला आणि केरळातला माणूस शेजारी शेजारी व्यायाम करतो आणि एकमेकांचे नावही त्यांना माहीत नसते. अशा ठिकाणी कोणीतरी नियम सांगावे लागतात, आणि ते सांगणारा माणूस जिमच्या व्यवस्थेत नेमलेलाच नसतो. फ्लोअर ट्रेनरने बोलावे अशी अपेक्षा असते. पण त्याचा पगार थोडा असतो, बरीच कमाई पर्सनल ट्रेनिंगवर अवलंबून असते, आणि आज ज्याला टोकायचे तोच उद्या त्याचा ग्राहक होऊ शकतो. तो गप्प बसतो यात त्याचा दोष कमी आहे. चालकाने त्याला स्पष्ट अधिकार द्यावा, चार-पाच नियम दारातच मराठी आणि हिंदीत लावावेत, आणि ते मोडणाऱ्याची वर्गणी परत करून त्याला निरोप देण्याची तयारी ठेवावी.

नव्या जिमची वर्षाची वर्गणी भरण्याआधी वाचकांनी एक काम जरूर करावे. सवलतीचा हिशेब नंतर पाहावा. आधी सोमवारी संध्याकाळी साडेसातला जाऊन अर्धा तास उभे राहावे. डंबेल रॅकवर आहेत का, लेग प्रेस रिकामी आहे का, फवाऱ्याची बाटली भरलेली आहे का, आणि बेंचवर फोन पाहत बसलेल्याला ट्रेनर काही बोलतो का, हे पाहावे. तो बोलत नसेल तर दुसरी जिम शोधावी.