चिप एक, फोन चार

२०२२ साली भारतात आलेले चार फोन घ्या: मोटो जी८२, रेडमी नोट ११ प्रो प्लस, रिअलमी ९ प्रो आणि वनप्लस नॉर्ड सीई २ लाइट. चौघांच्या पोटात क्वालकॉमची एकच चिप, स्नॅपड्रॅगन ६९५. बॅटरी ५००० एमएएचची, स्क्रीन १२० हर्ट्झची, किंमत तेव्हा वीस हजारांच्या आगेमागे. दुकानातल्या तक्त्यावरून यांतला एक निवडणं म्हणजे चिठ्ठी टाकणंच. वापरायला घेतले की मात्र चौघं चार तऱ्हेनं वागतात.

हे वागणं ठरतं वरच्या थरात. अँड्रॉइडचा गाभा गूगल सर्वांना खुला ठेवतं. होमस्क्रीन, सेटिंग, वरून ओढायचा पडदा, कॅमेरा, बॅटरी वाचवायचे नियम हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीनं लिहिते. रेडमीवर एमआययूआय (२०२३ च्या अखेरीपासून हायपरओएस), रिअलमीवर रिअलमी यूआय, वनप्लसवर ऑक्सिजनओएस. मोटोरोला गूगलच्या मूळ रूपाला फारसा हात लावत नाही. यात एक गंमत आहे. वनप्लसनं २०२१ मध्ये आपला कोड ओप्पोच्या कलरओएसशी जोडला, आणि रिअलमी यूआयचा पायाही कलरओएसच. त्यामुळे ‘वनप्लस की रिअलमी’ हा काउंटरवरचा वाद मला करमणुकीचाच वाटतो. दोघांची सेटिंगची पानं शेजारी उघडून पाहा.

तुलना करायची तर बोटांनी करावी. आधी पडदा ओढा. अँड्रॉइड १२ च्या मोटोवर एकदा ओढलं की नोटिफिकेशन आणि वर चार बटणं दिसतात; दुसऱ्यांदा ओढलं की सगळी बटणं. एमआययूआयमध्ये कंट्रोल सेंटर चालू असेल तर पडद्याचे दोन भाग होतात: डाव्या कोपऱ्यातून ओढलं तर नोटिफिकेशन, उजव्यातून ओढलं तर वायफाय-टॉर्चची बटणं. फोन उजव्या हातात असेल तर अंगठा डाव्या कोपऱ्यापर्यंत पुरत नाही, आणि दिवसभर लागतात ती नोटिफिकेशनच. सॅमसंगनं आपला थर, वन यूआय, आणताना अंगठ्याचा हा विचार आधीच केला होता. तिथे सेटिंग उघडलं की वरचा मोठा भाग नुसत्या शीर्षकानं भरलेला असतो आणि यादी खाली, अंगठ्याजवळ सुरू होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटते.

मग वेग. ‘हा एकदम स्मूथ आहे’ असं दुकानदार म्हणतो, त्यात अ‍ॅनिमेशनचा वाटा बराच असतो. आयकॉन फुलून अ‍ॅप उघडतं तो वेळ कंपनीनं ठरवलेला असतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा (रेडमीवर एमआययूआयच्या व्हर्जनवर), डेव्हलपर ऑप्शन उघडतील. तिथे तिन्ही अ‍ॅनिमेशन स्केल १ वरून ०.५ वर आणले की तोच फोन चपळ वाटू लागतो. चिप होती तिथेच आहे. स्क्रीन १२० हर्ट्झवर लावलेली आहे की ६० वर, हेही बघून घ्या.

खरा फरक कळतो तो फोन खिशात असताना. मेसेज उशिरा येतात, पाण्याच्या मोटारीचं रिमाइंडर वाजत नाही, आणि शिव्या बसतात नेटवर्कला. अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ नावाची सोय आहे: फोन निजून राहिला की अ‍ॅपची नेटची कामं तुंबवून ठेवायची आणि अधूनमधून एकदम करू द्यायची. तातडीचा मेसेज मात्र गूगलच्या सेवेतून अ‍ॅपला उठवतो. याच्यावर कंपन्या आपले नियम चढवतात. काही फोनवर अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून अ‍ॅप सरकवून टाकलं की ते सक्तीनं बंद केल्यासारखं धरलं जातं, आणि अशा अ‍ॅपला तातडीचा मेसेजही उठवू शकत नाही. तुम्ही स्वतः उघडेपर्यंत ते गप्प. एमआययूआयमध्ये म्हणूनच ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगी असते. बँक, व्हॉट्सअ‍ॅप, रिमाइंडर यांना ती द्यावी आणि त्यांच्यावरचं बॅटरीचं बंधन काढावं. दुकानातल्या डेमो फोनवर यातलं काहीच कळत नाही. ज्याच्याकडे तो फोन आहे त्याला विचारा.

आधीच भरलेली अ‍ॅप आणि सूचनांच्या वेषातल्या जाहिराती यांबद्दल थोडक्यात: मोटोवर कमी, रेडमीवर जास्त, पण बऱ्याचशा सेटिंगमधून बंद होतात. अर्धा तास मोडतो, इतकंच.

‘स्वच्छ अँड्रॉइड म्हणजे अपडेट जास्त’ हा समज मात्र सोडावा. मोटो जी८२ अँड्रॉइड १२ वर आला आणि कंपनीनं पुढची एकच आवृत्ती, १३, कबूल केली होती. उलट गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगनं सात वर्षांचा शब्द दिला आहे. तो फोन महाग आहे, पण थर जाडजूड असला म्हणून अपडेट अडत नाहीत एवढं त्यावरून कळतं.

फोन आईवडिलांसाठी असेल तर काउंटरवरच भाषा मराठी करा आणि अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवा. आता पडदा ओढून बटणांखालची नावं पूर्ण दिसतात का पाहा. मेसेजमध्ये ‘सर्वांत’ लिहा: रफार आणि अनुस्वार ओळीच्या वरच्या कडेला कापले जातात का? ‘सुऱ्या’ लिहा, ऱ्य कीबोर्डवर किती टॅपमध्ये सापडतो? मग फोन त्यांच्याच हातात द्या आणि कॉल लावायला सांगा.