जाळीची छपाई : कला, कारागिरी आणि व्यवहार



आज आपण छपाईच्या एका साध्या रीतीविषयी बोलणार आहोत. इंग्रजीवरून तिला सिल्क-स्क्रीन म्हणतात. तालुक्याच्या गावी दुकानावर पाटी असते ती नुसती ‘स्क्रीन प्रिंटिंग’ अशी. लग्नपत्रिका, किराणा दुकानाची कापडी पिशवी, कबड्डी संघाच्या बनियनवरचा आकडा, यांतले पुष्कळ काम या रीतीने होत आले आहे. आणि याच रीतीने छापलेली चित्रे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगलेली आहेत. साधन एकच, पण एका ठिकाणी त्याला धंदा म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी कारागिरी आणि तिसऱ्या ठिकाणी कला. असे का व्हावे? हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. कोणाच्या कामाला किती मान आणि किती मजुरी, हे पुष्कळदा अशा नावांवरूनच ठरते. म्हणून आधी हे साधन चालते कसे ते पाहू, आणि मग नावांकडे वळू.

दिवाळीत आपल्या घरी रांगोळीचे छाप असतात. भोके पाडलेला पत्रा जमिनीवर ठेवावयाचा, वरून रांगोळी फिरवावयाची, की खाली नक्षी उमटते. धान्याच्या पोत्यावर व्यापारी मार्का मारतात तोही अशाच कोरलेल्या पत्र्याने. परंतु या रीतीत एक अडचण आहे. जाड पुठ्ठ्यावर ‘व’ हे अक्षर काढा आणि त्याची रेघ कोरून काढा. रेघ निघाली, की तिच्या पोटातला गोल तुकडाही खाली पडतो! आता छापाल तर ‘व’ च्या जागी नुसता भरीव ठिपका उमटेल. म्हणून मार्का कोरणारे लोक रेघेमध्ये लहानसा पूल ठेवतात, आणि त्यामुळे पोत्यावरची अक्षरे मधेच तुटल्यासारखी दिसतात.

ही अडचण जपानमधील कारागिरांनी फार नाजूकपणे सोडविली. तेथील इसे भागात कापड रंगविण्यासाठी कागदाचे छाप कोरण्याची जुनी परंपरा आहे. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले काकी नावाचे एक फळ तिकडे होते. त्याचा तुरट रस लावून, कागदाचे पदर एकावर एक चिकटवून, तो चिवट करतात. नक्षी फार बारीक असली आणि तुकडे सुटे पडू लागले, तर कागदाच्या दोन पदरांमध्ये रेशमाचे धागे ताणून बसवीत. धागे इतके बारीक, की त्यांची खूण कापडावर उमटत नसे. पण सुटा तुकडा मात्र जागच्या जागी राही. या छापातून कापडावर तांदळाच्या पिठाची खळ लावीत, मग कापड रंगवून धूत. खळ असेल तेथे रंग चढत नसे.

आता पुढचे पाऊल तुमच्या लक्षात आले असेल. चार धागे ताणण्याऐवजी सगळी चौकटच विणलेल्या कापडाने मढविली तर? मग कोणताही तुकडा कोठेही चिकटवता येईल. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी पडद्यातून छापण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. या कामाला रेशीम लागले ते पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळण्यासाठी वापरीत त्या जातीचे. ‘सिल्क-स्क्रीन’ हे नाव त्यावरून पडले. आज जाळी पॉलिएस्टरची असते, नाव मात्र रेशमाचेच राहिले.

छापण्याची कृती अशी. लाकडाच्या किंवा धातूच्या चौकटीवर जाळी ढोलाच्या चामड्यासारखी ताणून बसवितात. नक्षीबाहेरची भोके बुजवितात, नक्षीची तेवढी उघडी ठेवतात. जाळी कागदापासून दोन-तीन मिलिमीटर वर असते. मग दाट शाई एका कडेला ओतून रबरी पात्याच्या फळीने, जिला कारागीर स्क्वीजी म्हणतात, ती दाबून ओढावयाची. फळी जेथे असेल तेवढीच जाळी कागदाला टेकते, शाई खाली सोडते आणि फळी पुढे गेली की आपोआप वर उचलली जाते. म्हणून कड स्वच्छ उमटते. जितके रंग तितक्या चौकटी. आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगाशी नेमका जुळवून बसवावा लागतो. खरे कसब लागते ते इथे, बरं का.

बारीक अक्षरे किंवा छायाचित्र छापावयाचे असेल तर प्रकाशाची मदत घेतात. जाळीवर उजेडाने घट्ट होणारा लेप देतात, त्यावर काळ्या नक्षीची पारदर्शक फिल्म ठेवतात आणि प्रखर प्रकाश पाडतात. उजेड लागला तेथे लेप पक्का होतो. काळ्या रेघेखाली तो मऊच राहतो आणि पाण्याने धुतला जातो. झाली नक्षी उघडी!

या छपाईत शाईचा थर जाड बसतो. त्यामुळे काळ्या कापडावर पांढरे अक्षर, काचेवर नाव, लाकडावर किंवा पत्र्यावर चित्र, असे काहीही छापता येते. शेतावर सौर पंप असेल तर त्याचे पॅनेल जवळून पाहा. त्यावर ज्या बारीक रुपेरी रेघा दिसतात, त्या वीज गोळा करणाऱ्या रेघा चांदीच्या लेपाच्या असतात, आणि कारखान्यांत त्या बहुतेक तारेच्या जाळीतूनच छापल्या जातात.

आता नावांकडे वळू. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत चित्रकार बेकार झाले, तेव्हा सरकारने १९३५ मध्ये त्यांना काम देणारी एक योजना सुरू केली. आरोग्य, वाचनालये, नाटके यांची भित्तिपत्रके करावयाची होती. न्यूयॉर्क येथे अँथनी व्हेलोनिस या चित्रकाराने त्यासाठी व्यापारी पाट्यांच्या धंद्यातली जाळीची छपाई पुढे आणली. चित्रकार ती शिकले आणि स्वतःची चित्रेही छापू लागले. परंतु दुकानाच्या पाटीचे तंत्र चित्रशाळेत कोण घेणार? म्हणून १९४० च्या सुमारास ‘सेरिग्राफ’ असे नवे नाव रूढ झाले. लॅटिनमधील रेशीम आणि ग्रीकमधील लिहिणे, या दोन शब्दांची ती सांधणी. चौकट तीच, फळी तीच. फक्त नाव बदलले आणि दार उघडले! पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या चित्रांच्या प्रतीही याच नावाने विकल्या जातात.

पण केवळ नावाने कला होत नाही. अँडी वॉरहॉल हा मुळात जाहिरातींची चित्रे काढणारा. मेरिलिन मन्रो ही नटी ऑगस्ट १९६२ मध्ये वारली, तेव्हा त्याने तिचे एक प्रसिद्धीचे छायाचित्र घेऊन एकाच कृतीत ५० वेळा छापले. अर्धे मुखवटे भडक रंगांत, अर्धे काळ्या शाईत. आणि काळ्यांत कोठे शाई साकळलेली, कोठे चेहरा पुसट होत गेलेला. छापखान्यात असा कागद रद्दीत गेला असता. त्याने ते दोष मुद्दाम राखले, कारण पुसट होत जाणारा चेहरा हेच त्याला सांगावयाचे होते. त्याच काळात लॉस एंजेलिस येथे कोरिटा केंट ही जोगीण एका महाविद्यालयात चित्रकला शिकवीत होती. पावाच्या वेष्टनावरची, रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरे उचलून ती रंगीत छाप काढी आणि पुष्कळ प्रती काढून स्वस्त विके. सामान्य माणसाच्या घरी चित्र जावे, हा तिचा हेतू.

याची दुसरी बाजू राजस्थानात दिसते. जयपूरजवळ सांगानेर येथे लाकडी ठशांनी कापड छापणारे छिपे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तेथे जाळी आली. लांब टेबलावर कापड अंथरून, दोन बाजूंना दोघे उभे राहून, एकाने फळी ढकलावयाची व दुसऱ्याने ओढावयाची, असे काम सुरू झाले. एका ओढीत ठशाच्या कितीतरी पट कापड छापले जाते. ठसेवाल्यांची भाकरी यामुळे आकसली. तरी जाळीवाल्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. तेही हाताचेच काम आहे, आणि कष्टाचे आहे. अन्याय होतो तो जाळीचे कापड ‘हाताच्या ठशाचे’ म्हणून विकले जाते तेव्हा. ठसे एकमेकांना जेथे भेटतात तेथे बारीकसा सांधा दिसतो, रंगही कमीजास्त होतो. गिऱ्हाइकाने एवढे पाहावयास शिकले, तरी दोन्ही कारागिरांना आपापला न्याय मिळेल.

तेव्हा साधनावरून कामाचा दर्जा ठरवू नये. चित्रकार जाळीतून आपले म्हणणे सांगतो, कारागीर शंभरावी प्रतही पहिलीसारखी काढतो, आणि पिशवीचे संकल्पचित्र काढणारा दुरून नाव वाचता येईल अशी अक्षरे योजतो. तिघांनाही डोके लागते.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात करून दाखवावे. भरतकामाची गोल रिंग घ्या आणि तीत जुन्या झिरझिरीत ओढणीचे कापड घट्ट ताणा. पातळ कागदावर ‘व’ कोरा. मधला गोल तुकडा टाकू नका. कोऱ्या कागदावर कोरलेला कागद ठेवा, गोल तुकडा त्याच्या जागी ठेवा आणि कापडाची बाजू खाली करून वर रिंग ठेवा. पोस्टर रंगात थोडी खळ घालून दह्याइतका दाट करा आणि प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीने एकदाच ओढा. रिंग उचला. रंगामुळे कोरलेला कागद आणि सुटा तुकडा दोन्ही कापडाला चिकटलेले दिसतील, आणि खाली सबंध ‘व’ उमटलेला असेल. पुढच्या प्रतींना तुकडा पुन्हा मांडावा लागत नाही. पालकसभेचे आमंत्रण, लसीकरणाची सूचना, गावच्या वाचनालयाचा फलक हे सारे मग मुलांच्या हातून होईल. उजेडाच्या लेपासाठी पूर्वी वापरीत ते नारिंगी डायक्रोमेट मात्र विषारी आहे. ते मुलांच्या हाती देऊ नये.

आणि एक शेवटची सूचना. काम संपताच जाळी पाण्याने स्वच्छ धुवा, आणि ते रंगीत पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका. जाळीत रंग एकदा वाळला की भोके बुजतात, आणि मग दुसऱ्या दिवशी नवी ओढणी शोधावी लागते!