स्टिअरिंग कव्हरचं मटेरियल कसं निवडायचं? आधी गिऱ्हाइकाचा हात बघा



मागच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलात गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजचं काम कसं सुरू करायचं ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "सर, स्टिअरिंग कव्हरसाठी मटेरियल कुठलं ठेवू?" व्हिडिओत याला दोनच मिनिटं देता आली होती, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी मी साताऱ्यात अ‍ॅक्सेसरीजचं छोटं दुकान चालवायचो. पहिल्याच सीझनला होलसेलवाल्याकडून साठ कव्हरं उचलली. चकचकीत, स्वस्त, दिसायला एकदम झकास. हातोहात खपली. मी खूश! तीन आठवड्यांनी टुरिस्ट गाडी चालवणारे एक काका आले. कव्हर काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "आंबेनळी घाटात वळणावर हे हातातल्या हातात फिरलं. स्टिअरिंग तिथंच राहिलं. गाडीत सहा माणसं होती. पैसे परत नकोत मला, पण हे दुसऱ्या कोणाला देऊ नका."

काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवशी कळलं की आपण शोभेची वस्तू विकत नाही. ड्रायव्हर दिवसभर जी एकच गोष्ट धरून बसतो, ती आपण विकतो. म्हणून आजचा सगळा लेख एका वाक्यात सांगायचा तर: मटेरियल आपल्या आवडीनं ठरत नाही, गिऱ्हाइकाचा हात, त्याचं हवामान आणि त्याचे गाडी चालवायचे तास यावरून ठरतं.

## आधी माप, मग मटेरियल

उत्तम लेदर जरी चुकीच्या मापाचं बसवलं, तरी ते फिरणारच. टेप घ्या आणि स्टिअरिंगचा बाहेरून बाहेर व्यास मोजा. आपल्याकडच्या बऱ्याचशा कारमध्ये तो ३६ ते ३९ सेंटिमीटर भरतो. बाजारात 'मीडियम' म्हणून मिळणारं कव्हर साधारण ३७-३८ सेंटिमीटरचं असतं. ट्रक-बसची चाकं यापेक्षा बरीच मोठी. खालून सपाट असलेल्या स्टिअरिंगवर गोल तयार कव्हर नीट बसत नाही, तिथं शिवलेलंच हवं.

दुसरं माप जाडीचं. ते बहुतेक जण घेतच नाहीत. कव्हर ३ मिलिमीटर जाड असेल तर रिंगच्या दोन्ही बाजू मिळून जाडी ६ मिलिमीटर वाढते, आणि मुठीत धरायचा घेर जवळजवळ २ सेंटिमीटर वाढतो. लहान हाताच्या माणसाला एवढा फरक खूप होतो. मूठ पूर्ण बंद होत नाही, मग तो जास्त जोर लावून धरतो आणि तासाभरात बोटं दुखायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, "मऊ आहे, पण हात भरून येतो." दोष मऊपणाचा नाही, जाडीचा आहे. गुबगुबीत कव्हर दुकानात छान वाटतं, रस्त्यावर त्रास देतं.

## कुठलं मटेरियल कोणासाठी?

१. रेक्झीन. सगळ्यात जास्त खपणारं. पण यात दोन जाती आहेत आणि विकणारा सहसा सांगत नाही. पीव्हीसी रेक्झीनमध्ये मऊपणासाठी घातलेलं द्रव्य उन्हानं हळूहळू निघून जातं, मग ते कडक होऊन तडकतं. पीयू रेक्झीन हाताला जास्त छान लागतं, पण दमट हवेत त्याचा वरचा थर कमजोर होतो आणि पापुद्रे सुटतात. तळहाताला काळे कण चिकटलेले पाहिलेत ना? तेच हे. रोज थोडीच गाडी चालवणाऱ्या आणि बजेट कमी असलेल्या माणसाला चांगल्या प्रतीचं रेक्झीन चालतं. घेताना उलटं करून बघा. मागचं कापड विणकामासारखं, म्हणजे बनियनच्या कापडासारखं असेल तर ते ताणलं जातं. साधं उभ्या-आडव्या धाग्यांचं असेल तर ताणत नाही.

२. मायक्रोफायबर लेदर. हे कृत्रिमच, पण पाया बारीक तंतूंचा असतो. ताण घेतं, लवकर सोलत नाही, जाडी सगळीकडे सारखी मिळते. नवीन माणसानं शिलाईचं काम सुरू करायला मला हे सगळ्यात योग्य वाटतं.

३. अस्सल लेदर. घाम थोडा शोषतं, हाताला मुरतं, वर्षं जातात तशी पकड चांगली होते. मुंबईत धारावीत लेदरचा मोठा बाजार आहे, तिथं कातडं चौरस फुटावर मिळतं. स्टिअरिंगसाठी साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं मऊ कातडं मागा. चपलेचं जाड कातडं इथं कामाचं नाही. मात्र गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की याला निगा लागते. कोकणात पावसाळ्यात बंद गाडीत लेदरवर बुरशी येते. विदर्भात उन्हाळ्यात ते कोरडं पडतं. अधूनमधून पुसणं आणि लेदर कंडिशनर लावणं जमणार नसेल, तर त्याला लेदर विकू नका.

४. छिद्रांचं लेदर किंवा मायक्रोफायबर. तळहात घामेजणाऱ्यांसाठी. हवा खेळते, ओला हात कमी घसरतो. पूर्ण रिंगला लावायची गरज नाही. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात असतात, तिथं छिद्रांचं आणि वर-खाली साधं लावा. छिद्रांत मळ बसतो, हेही सांगा.

५. स्वेडसारखं मखमली मटेरियल. रेसिंगच्या गाड्यांमध्ये बघून तरुण मुलं हे मागतात. कोरड्या हाताला पकड जबरदस्त आणि उन्हात चमक मारत नाही. पण रेसिंगवाले हातमोजे घालून चालवतात! उघड्या हाताचं तेल आणि घाम लागून त्याची लव बसते, मग ते तुळतुळीत होतं. मऊ ब्रशनं नियमित साफ करणाऱ्या हौशी माणसालाच द्या.

६. सिलिकॉन. ताणून बसतं, धुता येतं, उन्हानं लवकर बिघडत नाही. पण घाम अजिबात शोषत नाही आणि धूळ चिकटते. घट्ट बसत असेल तरच विका.

७. फर आणि गुळगुळीत वेलवेट. माझं मत सरळ आहे: ठेवूच नका. घाम साठतो, हात सरकतो, रिंगवर कव्हर फिरतं. फोटोत छान दिसतं एवढंच.

## ऊन विसरू नका

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेम्पे शहरात केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना गाड्या तासभर उन्हात उभ्या केल्या, तेव्हा स्टिअरिंग सरासरी ५३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं आणि डॅशबोर्ड ६९ पर्यंत. आपल्याकडे नागपूर, अकोला, जळगावला मे महिन्यात पारा याहून वर जातो. म्हणजे भर दुपारी गाडी घेऊन निघणाऱ्या माणसाला तुम्ही काळंकुळकुळीत, चकचकीत कव्हर दिलं, तर पहिली पाच मिनिटं तो स्टिअरिंग दोन बोटांनी धरणार. अशा गिऱ्हाइकाला फिका करडा किंवा टॅन रंग आणि मॅट फिनिश सुचवा, आणि गाडी लावताना स्टिअरिंगवर एक सुती पंचा टाकायला सांगा.

## माल उचलण्याआधी चार चाचण्या

एक हात लांब तुकडा सॅम्पल म्हणून मागा. जो व्यापारी सॅम्पल देत नाही, त्याच्याकडून पूर्ण रोल घेऊ नका.

* ओल्या हाताची: तुकडा पाइपवर घट्ट गुंडाळा, तळहात ओला करा आणि पिळून बघा. हात सरकला तर नापास.
* पांढऱ्या रुमालाची: ओला रुमाल जोरात पन्नास वेळा घासा. रंग लागला तर उद्या तो गिऱ्हाइकाच्या शर्टाला लागणार आहे.
* सॅनिटायझरची: दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. डाग पडला किंवा चिकटपणा आला तर वरचा थर कच्चा आहे.
* उन्हाची: आठ-दहा दिवस तुकडा आपल्याच गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा. वास, चिकटपणा, रंग, सगळं कळतं.

## सुरकुत्या का पडतात?

हे समजलं की अर्धं काम आलं. ३८ सेंटिमीटरच्या स्टिअरिंगचा बाहेरचा परीघ येतो सुमारे ११९ सेंटिमीटर. रिंग ३ सेंटिमीटर जाड धरली तर आतला व्यास ३२, म्हणजे आतला परीघ फक्त १०० सेंटिमीटर. पट्टी एकच, पण बाहेर तिला ११९ व्हायचंय आणि आत १००! म्हणून पट्टी थोडी आखूड कापतात, मधला भाग ताणला जातो आणि आतल्या कडा टाक्यांत आवळल्या जातात. न ताणणारं रेक्झीन इथंच हरतं आणि आतल्या बाजूला चुण्या पडतात. तेव्हा ज्या दिशेला मटेरियल जास्त ताणतं, त्या दिशेला पट्टीची लांबी ठेवा. दोरा सुती नको, जाड पॉलिस्टरचा घ्या. घाम आणि ऊन तो जास्त सोसतो.

## आता हिशेब

५४ इंच पन्ह्याच्या रोलमध्ये १२० सेंटिमीटरची पट्टी आडवी बसते. रुंदी १० सेंटिमीटर धरली तर एका मीटरमध्ये दहा पट्ट्या निघतात. कापणीतली नासाडी जाऊन आठ धरा. लेदरला एका कव्हरमागे नासाडीसकट साधारण २ चौरस फूट लागेल.

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावातले भाव घालून पुन्हा मांडा. समजा मायक्रोफायबर ६०० रुपये मीटर, म्हणजे एका कव्हरला ७५. दोरा-सुई-टेप २५. दीड तास मजुरी १५०. एकूण २५० रुपये. आता स्वस्त रेक्झीन २४० रुपये मीटर, म्हणजे एका कव्हरला ३०. बाकी खर्च तोच. एकूण २०५.

वाचले किती? कव्हरमागे ४५ रुपये. पाच कव्हरांत २२५. पण पाचातलं एक जरी पापुद्रे सुटून परत आलं आणि फुकट शिवून द्यावं लागलं, तर २०५ गेले. उरले २० रुपये आणि एक नाराज गिऱ्हाईक. शिलाईच्या धंद्यात खरा पैसा मजुरीत जातो. मटेरियलमध्ये वाचवलेला पैसा मजुरीच्या वाटेनं निघून जातो.

## गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न

रंग विचारण्याआधी हे विचारा: रोज किती तास चालवता? हाताला घाम येतो का? गाडी उन्हात असते की सावलीत? घरात अजून कोण चालवतं? दिवसाला दहा तास कॅब चालवणाऱ्या दादांना पातळ, छिद्रांचं, शिवलेलं कव्हर द्या. रविवारी गाडी काढणाऱ्या काकांना साधं चांगलं रेक्झीन पुरतं. गाडी ताई आणि त्यांचे बाबा दोघंही चालवत असतील, तर दोघांची मूठ बघा आणि जाडी लहान हाताच्या मापानं ठरवा.

बसवून झाल्यावर तीन गोष्टी न चुकता तपासा. मधल्या एअरबॅगच्या भागावर काहीही आलेलं नको. हॉर्न आणि बटणं मोकळी हवीत. आणि शेवटी दोन्ही हातांनी कव्हर जोरात पिळा. केसभर जरी फिरलं, तरी गाडी सोडू नका. काढा, पुन्हा बसवा. गिऱ्हाईक घाईत असेल, चिडेल, चिडू द्या.

ते घाटातले काका नंतर वर्षभरानं पुन्हा दुकानात आले. मी शिवलेलं कव्हर बसवलं, त्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि म्हटलं, "काका, पिळून बघा." त्यांनी पिळलं, दोनदा पिळलं. मग खिशातून पैसे काढताना एवढंच म्हणाले, "आता माझ्या भावाची गाडीपण आणतो."

या आठवड्याचा गृहपाठ: तीन मटेरियलचे सॅम्पल आणा, चारही चाचण्या करा, आणि निकाल वहीत लिहा. पहिलं कव्हर स्वतःच्या किंवा घरच्या गाडीला शिवा आणि महिनाभर वापरा. ज्यावर तुमचा स्वतःचा हात टिकला, तेच दुकानात ठेवा. अडलं तर नक्की विचारा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम सुरू ठेवा!