पंप मोजतो; श्वास मात्र माणसालाच शिकवावा लागतो



ऊस विकास खात्याच्या पानावर लागण, बेणे, खोडवा यांच्याऐवजी दम्याच्या पंपाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठची मोटारच येते. पण पलूस तालुक्यात गटागटाने फिरताना आता दुसराही पंप दिसतो. कुणाच्या सदऱ्याच्या खिशात, कुणाच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, कुणाच्या देवघराच्या फळीवर. मुठीत मावेल एवढा, बहुधा निळ्या रंगाचा.

हा आजार थोडाथोडका नाही. २०१६ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आखडण्याच्या रोगाचे, सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. सीओपीडी हा विडीकाडी ओढणाऱ्यांचाच रोग, अशी समजूत होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की कधीही विडी न ओढलेल्यांनाही तो होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे फार मोठे कारण आहे. म्हणजे जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्या आया-बहिणी यात आल्या.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. औषध कोणते, किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच सांगायचे. पण नवे अवजार शेतकऱ्याच्या हाती कसे द्यायचे आणि ते नीट वापरले जातेय का हे कसे बघायचे, हा माझा रोजचा धंदा आहे. त्या नात्याने 'स्मार्ट पंपा'विषयी चार शब्द सांगतो.

हा स्मार्ट पंप म्हणजे काय?

दाबून फवारा सोडणारा श्वासाचा पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले होते, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही? त्यातून ही वस्तू निघाली. तोपर्यंत रबरी फुगा दाबून चालवायचे काचेचे नाजूक उपकरण सांभाळत बसावे लागे.

स्मार्ट पंप म्हणजे याच पंपावर बसवलेले छोटे यंत्र, सेन्सर. पंप दाबला की ते तारीख-वेळ टिपते आणि ब्लूटूथने मोबाईलला कळवते. मात्रा चुकली तर मोबाईल आठवण करतो. रुग्णाची परवानगी असेल तर हीच नोंद डॉक्टरांना दिसते. आपल्या देशातही मुंबईच्या ल्युपिन कंपनीने पंपावर बसवायचे असे यंत्र आणलेले आहे.

याचा उपयोग होतो काय? होतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात दम्याने बेजार होऊन तातडीच्या विभागात आलेल्या ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पंपावरचे यंत्र वाजून आठवण करायचे, त्यांनी ठरलेल्या मात्रांपैकी ८४ टक्के घेतल्या. ज्यांचे यंत्र मुकेपणाने नुसते मोजायचे, त्यांनी ३० टक्के. औषध तेच, आजार तोच. फरक पडला तो आठवणीमुळे.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

इथे नीट लक्ष द्या. बहुतेक सेन्सर पंप दाबला एवढेच मोजतात. औषध छातीत गेले की टाळ्याला चिकटले, हे त्यांना कळत नाही.

द्राक्षबागायतदारांना हे चटकन पटेल. ब्लोअरची टाकी रिकामी झाली म्हणजे औषध पानाच्या मागच्या बाजूला पोचले असे होत नाही. केवडा पानामागेच बसलेला असतो. टाकीचा हिशेब बरोबर आणि बाग मात्र गेली, असे आपण पाहिले आहे. पंपाचेही तसेच.

नदीकाठच्या एका गावातील वयस्क सभासदाचे उदाहरण सांगतो. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने मोठ्या हौसेने त्यांच्या पंपाला सेन्सर बसवून दिला. मोबाईलवर रोजची नोंद पुरी दिसायची, तरी रात्रीचा दमा काही हटेना. मुलगा तिकडून फोन करायचा, "काल रात्री दोन वाजता निळा पंप का घेतला?" म्हातारा वैतागला. मला म्हणाला, "सायेब, पोरगं माझ्यावर पाळत ठेवतंय की! आता मी रानात जाताना ते ठेवतोच घरी." म्हणजे ज्या यंत्राने आधार द्यायचा, त्यामुळेच रात्री-अपरात्री लागणारा पंप खिशातून गेला. मी म्हणालो, "आबा, पोराचा राग पंपावर काढू नका. एकदा डॉक्टरला दाखवून तरी या."

पुढे दवाखान्यातल्या सिस्टर त्यांना म्हणाल्या, "आबा, मोबाईल राहू द्या. पंप कसा घेता तेवढं करून दाखवा." तेव्हा उलगडा झाला. ते आधी श्वास भरून घ्यायचे आणि मग पंप दाबायचे. फवारा तोंडातच राहायचा. मोबाईलवर मात्र 'मात्रा घेतली' अशी नोंद व्हायची. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून त्यांना पद्धत शिकवली. पोरालाही समज दिली, की जाब विचारू नको, विचारपूस कर. आता पंप पुन्हा खिशात आहे.

हे एकट्या आबांचे नाही. १९७५ ते २०१४ या काळात जगभर झालेल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला गेला. पंप अगदी बरोबर वापरणारे १०० मध्ये ३१ निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा दिसली नाही. पंप सुधारले, शिकवणे तिथेच राहिले.

शिकवायचे कसे?

नुसते तोंडी सांगून भागत नाही. करून दाखवायचे, मग त्यांच्याकडून करून घ्यायचे, चुकले तर पुन्हा. महिन्याने परत बघायचे, कारण पद्धत विसरते. लागणीची सरी आपण कागदावर शिकवत नाही, बांधावर उभे राहून शिकवतो. तसेच हे.

फवाऱ्याच्या पंपासाठी साधारण क्रम असा :

१) टोपण काढून पंप चांगला हलवावा.
२) बसून किंवा उभे राहून श्वास पूर्ण बाहेर सोडावा.
३) तोंडाची बाजू ओठांत घट्ट धरावी. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करावी आणि त्याच वेळी एकदा दाबावे. श्वास संथपणे, खोल चालू ठेवावा.
४) दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा.
५) दुसरी मात्रा सांगितली असेल तर अर्ध्या ते एक मिनिटाने सर्व क्रम पुन्हा करावा.
६) स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून थुंकावी.

कॅप्सूलमधल्या पावडरीचे उपकरण असेल तर तऱ्हा उलटी. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, उपकरणात फुंकर मारायची नाही. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते! हे लिहावे लागते, कारण पाण्याबरोबर गिळणारे लोक आहेत.

पंप धुताना सेन्सर आधी काढून ठेवावा. त्याला ओल सोसत नाही.

दोन पंपांतला फरक

दम्यात घडीभर आराम देणारा पंप वेगळा आणि श्वासनलिकेची सूज आवरणारा पंप वेगळा. दुसऱ्याने लगेच मोकळे वाटत नाही, म्हणून माणूस तो सोडतो आणि निळ्यावर भागवतो. आता दोन्ही औषधे एकत्र असलेले पंपही मिळतात. आपला कोणता, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

'जीना' या जागतिक तज्ज्ञमंडळाचा इशारा आहे, की २०० मात्रांचे निळे पंप वर्षात तीन किंवा अधिक लागले तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा अधिक लागले तर जिवाचा धोका वाढतो. स्मार्ट पंपाचा खरा फायदा इथे आहे. निळा पंप वाढत चाललाय, हे तो आधी सांगतो. पण सांगितलेले कुणीतरी ऐकले पाहिजे. माती परीक्षणाचा अहवाल ट्रंकेत ठेवून एकरी टनेज वाढत नाही.

"पंप लागला की सुटत नाही" हा गैरसमज काढून टाका. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेणारेही आपल्यात आहेत. ज्याची त्याची श्रद्धा, पण त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये.

यंत्र नसले तरी अडत नाही

सेन्सरला पैसे पडतात, चालेल असा मोबाईल लागतो, चार्जिंग लागते. शिवाय कंपनीने हात काढला की यंत्र मुके होते. तेवा कंपनीच्या 'डिजिहेलर'ला अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. तो पंप श्वासाचा जोरही मोजायचा. तरीही जून २०२४ मध्ये कंपनीने तो बंद केला. रुग्णांपाशी राहिली ती शिकलेली पद्धत.

म्हणून ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा कराव्यात. रोजच्या पंपाला एक टिंब, निळा पंप लागला तर एक फुली. अनेक पंपांवर उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो, तोही लिहावा. दवाखान्यात जाताना ते पान आणि पंप दोन्ही न्यावे.

त्याच पानावर आणखी एक नोंद करा : आज शेजारी पाचट पेटवले का, चूल धुमसली का, गंधकाची धुरळणी झाली का. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात पंपावरच्या सेन्सरनी वेळेबरोबर जागाही टिपली. त्यावरून शहराच्या कोणत्या भागात लोकांना जास्त त्रास होतो ते समोर आले. आपल्या कॅलेंडरवरच्या फुल्या जर पाचट पेटल्याच्या रात्रीच दिसू लागल्या, तर दुसरा पुरावा कशाला हवा? पाचट कुजवा, हे मी जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी सांगत आलो आहे. आता शेजाऱ्याच्या छातीसाठीही सांगतो.

ऊसतोड बंधूंना विसरू नका

हंगामात आपल्या फडावर येणारी कुटुंबे खोपीत राहतात, चुलीवर रांधतात. त्यांच्यातही दमेकरी असतात. हंगाम संपला की ती गावी जातात आणि औषध मधेच तुटते. मुकादम आणि सभासदांनी एवढे करावे : दवाखान्याची चिठ्ठी, पंपाचे नाव आणि तो वापरायची पद्धत माणसाबरोबर गावी जाईल हे पाहावे.

हे मात्र थांबण्याचे नाही

एका दमात वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, निळ्या पंपाने आराम पडत नसेल किंवा थोड्याच वेळात पुन्हा दम लागत असेल, तर मोबाईलवरचा आकडा बघत बसू नये. पंप चालू ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ट्रॉली वजनकाट्यावर रिकामी व्हायची आहे, ही सबब त्या वेळी चालणार नाही.

ज्यांच्या घरी पंप आहे त्या सर्व सभासदांनी पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना तो बरोबर न्यावा, डॉक्टर किंवा सिस्टरसमोर एक मात्रा घेऊन दाखवावी, आणि घरातील एका माणसाने ती पद्धत पाहून शिकून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी