म्युनिकचे वार्तापत्र : मोकळ्या झालेल्या तासांचे काय झाले?

मार्च २०२०च्या मध्याला मुंबईतल्या शाळा बंद झाल्या, त्याच सुमारास इथल्या बव्हेरियातल्याही. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि अनेक शाळा परंपरेने दुपारपर्यंतच भरतात. पुढचा दिवस घराच्या हवाली. असा देश शाळाबंदी सहज निभावून नेईल असे वाटणे साहजिक होते. म्युनिकच्या इफो संस्थेने हजारावर पालकांना विचारून मुलांच्या दिवसाचा हिशेब मांडला, तो मात्र वेगळेच सांगतो. शाळा आणि अभ्यास मिळून दिवसाचे ७.४ तास जात, ते ३.६वर आले. टीव्ही, गेम आणि मोबाइलचे ४ तास ५.२ झाले. वाचन, संगीत, व्यायाम यांत किंचितच भर पडली. अभ्यासात आधीच मागे असलेल्या मुलांचे तास अधिक घटले आणि पडद्यापुढचे अधिक वाढले.

आपल्याकडे सगळी चर्चा मोबाइलवर येऊन थांबली. घाटकोपर-मुलुंडच्या एका खोलीत दोन भावंडांत एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, हे दुखणे खरेच होते. पण जर्मन घरांत साधनांची एवढी चणचण नसूनही तास निम्म्यावर आले. शाळा धड्याआधी मुलाला वेळ लावून देते, वही उघडायला लावते, काल का आला नाहीस म्हणून विचारते. तुटले ते हेच, असे मला वाटते. पालकांनी आठवून सांगितलेल्या आकड्यांवर किती विसंबायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण पालकांचा कल आपल्या मुलाचे बरेच सांगण्याकडे असतो. तरीही घसरण एवढी दिसली. २०२१च्या दुसऱ्या बंदीत रोज ऑनलाइन वर्ग मिळणारी मुले ६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेली, अभ्यासाचे तास मात्र ४.३ इतकेच झाले. नुसता पडद्यावरचा तास पुरत नाही, तो असा.

सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ने पहिली ते आठवीच्या मुलांना निदान ठरलेली वेळ दिली, तेही इंटरनेटशिवाय. हे काम मोलाचे होते. फक्त टीव्हीला उलट विचारता येत नाही. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे मिटले. अंधेरी-बोरिवलीच्या वस्त्यांत त्या काळात मुलांना नावानिशी रोज विचारू शकणारी माणसे होती पालिकेचे शिक्षक, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना करोनाच्या कामांना जुंपले होते.